ॲडमिनवर गुन्हा दाखल होणार म्हणे!

रावेरच्या केळी भावाच्या ग्रुपपासून नंदुरबारच्या दहावीच्या बॅचपर्यंत सगळीकडे व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : उद्यापासून नवीन नियम लागू. ग्रुपवर कोणीही आक्षेपार्ह पोस्ट टाकली तर पहिला गुन्हा ॲडमिनवर. आयटी ॲक्ट कलम ६६ अ, तीन वर्षं कैद. तीन लाल टिक दिसल्या की समजा कोर्टाची नोटीस निघाली. आलेला मेसेज नुसता पुढे पाठवणाऱ्याला भीती नाही. ॲडमिनने मात्र ‘सदस्यांच्या पोस्टला ॲडमिन जबाबदार नाही’ असं लिहून ठेवावं. खाली सही म्हणून नुसतं ‘सायबर सेल’. कुठला, कोणत्या जिल्ह्याचा, काही नाही.

परिणाम मात्र झालाय. ‘मन्हं नाव काढी टाक भाऊ, माले कोर्टकचेरी नही करनी’ म्हणत लोक ॲडमिनपद सोडताहेत. गावच्या पाणीपुरवठ्याचा एक ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवलाय. आता नळाला पाणी आलं नाही तर सांगायचं कुठे? मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून हा मेसेज दाखवायला माझ्याकडे बरेच जण येतात. एकेक मुद्दा घेतो.

‘पहिला गुन्हा ॲडमिनवर’

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न २०२१ मध्येच निकाली काढलाय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. ग्रुपमधल्या एका सदस्याने त्याच ग्रुपमधल्या महिलेला उद्देशून घाणेरडी भाषा वापरली. तिने तक्रार केली, त्यात ॲडमिनलाही आरोपी केलं गेलं. त्याच्यावर ठपका असा की त्याने त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट हात वर केले. नागपूर खंडपीठाने ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. कारण सरळ होतं. एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला शिक्षा द्यायची तर कायद्यात तशी तरतूद लागते, आणि ॲडमिनसाठी ती नाही. दोघांचा आधीपासून तसा बेत होता, समान इरादा होता, हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. कोण कधी काय लिहील हे ॲडमिनला आधी कळत नाही, असंही खंडपीठाने म्हटलं.

यावर वकिलांच्या बाररूममध्ये हमखास निघणारी शंका : ‘ते नागपूर. जळगाव, धुळे, नंदुरबार तर संभाजीनगर खंडपीठात येतात.’ खंडपीठं वेगळी असली तरी उच्च न्यायालय एकच आहे. त्याचा निकाल राज्यातल्या सगळ्या खालच्या कोर्टांना लागू होतो, आपल्यालाही.

दुसरी शंका जास्त वजनाची आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती सुचलेलीही नाही. त्या निकालात असंही म्हटलं होतं की ॲडमिनच्या हातात फारसं काही नसतं, सदस्य घेणं आणि काढणं एवढंच. तेव्हा ते खरंच होतं. पण २०२२ पासून व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय दिली. मग तो निकाल लंगडा पडला का? माझ्या मते नाही. निकाल उभा आहे तो कायद्यात तरतूदच नसण्यावर, आणि ती तरतूद आजही नाही. मात्र एवढं म्हणेन की चार जणांनी ओरडून सांगितलं, बटण हाताशी होतं, तरी ॲडमिनने दोन दिवस मेसेज तसाच ठेवला आणि खाली हसण्याची इमोजी टाकली, तर सरकारी वकील ते त्याच्या इराद्याचा पुरावा म्हणून पुढे करणारच. तिथे त्याला अडचणीत आणेल ती त्याची स्वतःची वागणूक, त्याचं पद नव्हे.

बाकीची कोर्टंही याच बाजूची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बदनामीच्या दाव्यात म्हटलं की ॲडमिनला जबाबदार धरणं म्हणजे बदनामीकारक बातमी छापली म्हणून कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं, आणि ॲडमिन व सदस्य यांच्यात मालक-नोकर असं नातं नसतं, हेही.

मग ॲडमिन कधी सापडतो? त्याने स्वतः टाकलं तर. दुसऱ्याला ‘टाक रे’ म्हणून सांगितलं तर. कोणाला तरी बदनाम करायला किंवा दंगल पेटवायलाच ग्रुप काढला असेल तर. थोडक्यात, साधा सदस्य जिथे सापडला असता तिथेच. लहान मुलांच्या अश्लील चित्रफितींबाबत मात्र पोक्सो कायदा फार कडक आहे. तसलं काही फोनमध्ये साठवून ठेवणं हाही गुन्हा होऊ शकतो, ॲडमिन असा वा नसा. तशी फीत आलीच तर ती कोणालाही, अगदी पुरावा म्हणूनही, पुढे पाठवू नका. पोलिसांना कळवा.

आपल्याकडचं रोजचं उदाहरण घ्या. केळीच्या ग्रुपवर एक शेतकरी लिहितो, ‘अमक्या व्यापाऱ्याने माल कापून नेला, तीन महिने झाले, पैसे दिले नाहीत.’ व्यापारी फोन करतो ॲडमिनला : ‘नाना, तुमच्यावर केस टाकतो.’ नाना घाबरून पोस्टही काढतात आणि शेतकऱ्यालाही. आता बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५६ खाली येतो, आणि तो अदखलपात्र आहे. पोलीस आपणहून गुन्हा नोंदवून उचलून नेऊ शकत नाहीत. व्यापाऱ्याला मॅजिस्ट्रेटसमोर तक्रार करावी लागेल, तीही लिहिणाऱ्याविरुद्ध. आणि लिहिलेलं खरं असेल, लोकहिताचं असेल, तर कायदाच त्याला अपवाद म्हणतो. नानांचा यात संबंध कुठे आला?

तरी ही भीती निव्वळ हवेतून आलेली नाही. एप्रिल २०१७ मध्ये वाराणसीच्या जिल्हाधिकारी आणि पोलीस प्रमुखांनी संयुक्त आदेश काढून ॲडमिनवर गुन्हे नोंदवण्याची तंबी दिली होती. तेव्हाच्या बातम्यांची कात्रणं अजून फिरतात. आपल्याकडेही सणासुदीला, निवडणुकीला पोलीस ठाण्यात ॲडमिन मंडळींना बोलावतात, हातात नोटीस देतात. ती नोटीस खबरदारीची असते. तिला गुन्हा समजून घर डोक्यावर घेऊ नये, आणि केराच्या टोपलीतही टाकू नये.

‘कलम ६६ अ, तीन वर्षं’

हे कलम मेलेलं आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने फक्त लाइक केली होती. त्यावरून गाजलेल्या वादातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६ अ घटनाबाह्य ठरलं. तरी पोलीस ते लावतच राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचं म्हटलं, आणि २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका असा आदेश दिला. ज्या मेसेजात ६६ अ आहे तो लिहिणाऱ्याने कायद्याचं पुस्तक उघडलेलं नाही, एवढं नक्की.

‘तीन लाल टिक’

व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नाही आणि लाल टिकही नाही. पुढे चला.

‘नुसतं फॉरवर्ड करणाऱ्याला भीती नाही’

सगळ्या मेसेजातलं हे सर्वांत घातक वाक्य आहे. निर्दोष माणसाला घाबरवायचं आणि ज्याने घाबरायला हवं त्याला अभय द्यायचं, असा हा उलटा कारभार.

न्याय संहितेचं कलम ३५३ काढून पाहा. लोकांत भीती पसरेल अशी खोटी माहिती किंवा अफवा तयार करणारा, प्रसिद्ध करणारा आणि प्रसारित करणारा, तिघेही त्यात आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेखही आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ते खरं आहे असं मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, हा बचाव आहे. पण ‘मला आलं, मी पाठवलं’ हे वाजवी कारण होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. महिला पत्रकारांबद्दलची दुसऱ्याची पोस्ट त्यांनी पुढे पाठवली होती. पुढे पाठवणं म्हणजे ते मान्य करून त्याला दुजोरा देणं, असं कोर्टाने म्हटलं. पोस्ट न वाचताच पाठवली, हा त्यांचा खुलासा चालला नाही.

आणि खान्देशात तरी हे कोणी शिकवायला नको. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ कित्येक दिवस फोनाफोनी फिरत होते. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी पाच माणसं त्या दिवशी तिथे होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती अफवा पसरायला कोणा ॲडमिनची परवानगी लागली नव्हती. प्रत्येकाने ‘आपल्या पोरांसाठी सावध राहा’ म्हणत चांगल्या मनाने बोट दाबलं होतं.

‘जबाबदार नाही असं लिहून ठेवा’

लिहा, बिघडत नाही. पण जो जबाबदार नाहीच त्याला त्याची गरज नाही, आणि ज्याने स्वतः आग लावली त्याला ती ओळ वाचवणार नाही. त्यापेक्षा कामाच्या तीन गोष्टी : आक्षेपार्ह पोस्ट (वर सांगितलेली लहान मुलांची फीत सोडून) दिसली की आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ती डिलीट करा आणि ग्रुपवर तसं एका ओळीत कळवा. हे कायदा सांगतो म्हणून नव्हे, उद्या कोणी विचारलं तर तुमची बाजू दाखवता यावी म्हणून.

आणि ठाण्यातून बोलावणं आलंच तर ते लेखी मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा थेट अटक न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती घ्या, तारखेला जा, सोबत वकील न्या, आणि फोनमधलं काहीही त्याआधी पुसू नका. गावातल्या पुढाऱ्याला मध्ये घालून ‘मिटवून घ्या’ म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.