काडतुसांवर तेल मारू नका, आणि 'फुस्स' झाल्यावर पुढची गोळी तर अजिबात नको

गेल्या तीन आठवड्यांत तो मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपमधून आलाय. '.२२ सेमी-ऑटो रायफल अडकते? हे ६ सोनेरी नियम पाळा, गोळी कधीच दगा देणार नाही.' मराठीत आहे, नीट टाइप केलाय, खाली 'एक अनुभवी शूटर' एवढीच सही. (सेमी-ऑटो म्हणजे एक मारली की रिकामी पुंगळी, काडतुसाचं पितळी कवच, बाहेर टाकून पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी.) पहिल्यांदा वाचला तेव्हा सोडून दिला, अमेरिकेतल्या आपल्या लोकांमध्ये हल्ली शूटिंग रेंजवर जाणारे वाढलेत तर असलं काहीतरी फिरणारच. पण परवा शनिवारी माझ्या भाच्याने त्यातला पहिला नियम तंतोतंत पाळला, दुसरा पाळायला निघाला आणि ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून आता लिहितोय.

भाचा इथे पेनसिल्व्हेनियातच जन्मलेला, तेवीस वर्षांचा. पहिली रायफल घेतली ती रुगर १०/२२, १९६४ पासून बनतेय आणि नवशिक्याला बहुतेक सगळे तीच सुचवतात, मीही तीच सुचवली होती. नियम नंबर एक म्हणतो की काडतुसांवर गंज काढायचा स्प्रे मारा म्हणजे ती मॅगझिनमधून 'लोण्यासारखी' सरकतात. याने आदल्या रात्री पन्नास काडतुसं ताटलीत पसरली, स्प्रे मारला आणि सकाळपर्यंत मुरत ठेवली. मला सांगितलं नाही, कारण मामाला विचारायचं काय त्यात, मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय ना.

पहिल्या सात नीट गेल्या. आठवीला नेहमीचा फटका नाही, बारीक 'फुस्स', खांद्याला काहीच जाणवलं नाही आणि बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या मागे पुढेमागे सरकणारा धातूचा ठोकळा, जागचा हलला नाही. याचा हात लगेच बोल्टच्या हँडलवर. नियम नंबर दोन: 'आवाज बारीक आला किंवा गोळी सुटली नाही तर थांबू नका, झटक्यात बोल्ट ओढा आणि पुढची मारा.' मी मनगट धरलं त्याचं. रायफलीचं तोंड टार्गेटकडेच ठेवायला लावलं, थांबलो, मग मॅगझिन काढलं, बोल्ट उघडला. रिकामी पुंगळी बाहेर आली, आतल्या बाजूला दारूचे न जळलेले दाणे ओले होऊन चिकटलेले. बोल्ट उघडा अडकवून, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, रिकामं आहे हे बोट घालून बघून पितळी रॉड तोंडाकडून आत सोडला. साडेअठरा इंचांची नळी, रॉड बारा इंचांवर जाऊन थांबला. हलक्या हाताने ठोकून मागे काढली तर शिशाची गोळी, अंगावर नळीतल्या खाचांचे ओरखडे. भाचा ती तळहातावर घेऊन बराच वेळ गप्प उभा होता.

आता हे झालं कसं ते समजून घ्या, कारण मेसेज लिहिणाऱ्याला हेच कळलेलं नाही. .२२ एलआर हे रिमफायर काडतूस, म्हणजे त्याला मागे मधोमध वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड चेपते. पुढे गोळी नुसती दाबून बसवलेली, तिथे वॉटरप्रूफ सील वगैरे काही नाही. जे तेल गंजलेल्या नटबोल्टच्या आट्यांत शिरावं म्हणूनच बनवलंय ते तुम्ही रात्रभर या सांध्यावर ठेवताय! ते आत जातं, दारू भिजते. कडेतला मसाला मात्र पेटतो, आणि त्याची एकट्याची ताकद गोळीला नळीत ढकलायला पुरते, बाहेर काढायला पुरत नाही.

आणि हे माझं डोकं चालवून सांगत नाहीये. रुगरच्या मॅन्युअलमध्ये लुब्रिकेशनचा वेगळा इशारा आहे, मोठ्या अक्षरांत: काडतुसांवर तेल थेट मारू नका, दारूवर परिणाम झाला तर ती पेटणार नाही पण प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकू शकते, आणि त्यावर पुढची मारली तर बंदूक फुटून माणूस जखमी होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आवाज वेगळा आला किंवा धक्का हलका लागला तर दुसरं काडतूस चेंबरमध्ये घालू नका, सगळी काडतुसं काढा आणि नळी मोकळी आहे का बघा, हेही त्यातच आहे. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. म्हणजे या मेसेजचा पहिला नियम गोळी नळीत अडकवतो आणि दुसरा नियम तिच्यावर पुढची मारायला लावतो. दोन्ही एकत्र पाळले की अपघाताची पूर्ण कृती तयार. परवा मध्ये फक्त माझा हात आला म्हणून, नाहीतर नळी फुगली तरी असती किंवा फाटली असती, आणि शेजारच्या बाकावर एक बाई तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला शिकवत होती.

दुसऱ्या नियमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पिन आपटली, खट् झालं आणि काहीच आवाज नाही, तर ते काडतूस काढून जरा फिरवून पुन्हा घातलं की बऱ्याचदा उडतं, कारण कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसेल तर पिन रिकाम्या जागी लागलेली असते. पण आधी किमान ३० सेकंद तोंड टार्गेटकडे ठेवून थांबायचं, क्वचित उशिरा पेट घेतं आणि तेव्हा ते तुमच्या बोटांत असलं तर पुंगळीचे पितळी तुकडे डोळ्यापर्यंत येतात. आणि काहीच आवाज न येणं वेगळं, बारीक आवाज येणं वेगळं. बारीक आवाज आला की त्या नळीतून पुढची गोळी नाही, आत बघितल्याशिवाय नाही.

नियम तीन, 'ऑलिम्पिकवाले वापरतात तीच मॅच गोळी घ्या, आपला स्वप्नील कुसाळे उगाच जिंकला का'. कांबळवाडीच्या पोराचं नाव घेतलं की कोल्हापूरचा माणूस मेसेज पुढे ढकलणारच, मीही तिकडचाच आहे. पण २०२४ला पॅरिसमध्ये त्याने ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, तिथली रायफल सिंगल शॉट, प्रत्येक काडतूस हाताने घालायचं, बोल्ट हाताने चालवायचा. तिथे गोळीने फक्त अचूक जायचं असतं. सेमी-ऑटोमध्ये गोळीला आणखी एक काम असतं, बोल्ट मागे ढकलायचं. मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, साधारण १०७०-१०८५ फूट प्रति सेकंदाच्या आसपास चालते, वर मेणाचा थर असतो, आणि नव्या कडक स्प्रिंगच्या रायफलीत कधी कधी बोल्ट अर्ध्यावरच परत येतो आणि पुंगळी दारात अडकते. पेटीला तिप्पट-चौपट पैसे देऊन हे कशाला?

नियम चार बरोबर याच्या उलट, 'जितकी फास्ट तितकी भरवशाची'. एकाच मेसेजमध्ये तीन आणि चार एकमेकांना खोटं पाडतायत हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही दिसू नये? इथेही थोडं खरं आहे. १०/२२ मध्ये बोल्टला कुलूप नसतं, पुंगळी मागे येते तीच बोल्टला घेऊन जाते, स्प्रिंग आणि बोल्टचं वजन एवढंच काय ते अडवतं, त्यामुळे जोर कमी पडला की अडकते. म्हणून नव्या रायफलीला हाय व्हेलॉसिटी गोळी मानवते. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग, गोळीचं वजन ४० ग्रेन, वेग १२३५ फूट, तांब्याचा मुलामा असल्याने नळीला शिसंही कमी चिकटतं, सुरुवात तिथून करा असं मीही सांगतो. पण म्हणून त्याच कंपनीची १६४० फुटांची स्टिंगर सगळ्यात भरवशाची असं होत नाही. स्टिंगरची पुंगळी नेहमीच्या .२२ एलआरपेक्षा लांब असते, साध्या चेंबरला चालून जातं, पण हौसेने मॅच चेंबरची, म्हणजे घट्ट मापाच्या चेंबरची, नवी नळी बसवली असेल तर नळी बनवणारे अनेक जण स्टिंगर वापरू नका म्हणून स्पष्ट सांगतात. आणि दुसऱ्या टोकाला क्वाएट-२२ आहे, ७१० फूट, बोल्ट चालायला ती कमी पडते, म्हणून तर सेमी-ऑटोसाठी त्यांनी ४५ ग्रेनची ८३५ फुटांची वेगळी काढलीय. नुसता वेगाचा आकडा बघून गोळी निवडता येत नाही ती अशी.

नियम पाच, '.२२ म्हणजे खेळणं, शंभर यार्डांवर गोळी गळून पडते'. पेटी हातात घ्या आणि बाजूचा इशारा वाचा. ही गोळी मैलाच्याही पुढे जाते. पुढचं बोलायची गरज नाही.

नियम सहा, 'रायफलीला कागद लागतात, काडतुसं कुणीही घेऊ शकतो'. हा वाचून मला खरंच धडकी भरली, कारण त्या ग्रुपमध्ये निम्मी पोरं एच-वन-बीवर आहेत. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला जशी बंदी आहे तशीच काडतुसंही बाळगायला आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. एका पेटीपायी व्हिसा पणाला लावू नका बाबांनो, वकिलाला विचारा, ग्रुपला नको.

मग गोळी निवडायची कशी? चार-पाच प्रकारच्या छोट्या पेट्या आणा, प्रत्येकाच्या निदान शंभर गोळ्या स्वतःच्या रायफलीतून मारा आणि वहीत लिहा, किती उडाल्या नाहीत, किती पुंगळ्या अडकल्या, किती काडतुसं चेंबरमध्ये शिरताना वाकली. जी उडाली नाही तिच्या कडेवरचा पिनचा ठसा नखाने चाचपा. ठसा खोल असून उडाली नाही तर दोष बहुधा काडतुसाचा, ठसा उथळ असेल तर आधी बोल्ट आणि चेंबर साफ करा, कारण मेण आणि काजळी साचली की बोल्ट पूर्ण पुढे बसत नाही आणि पिनचा जोर कमी पडतो. 'सरकत नाही' या तक्रारीवर खरा इलाज हा आहे, चेंबरला कोरडा ब्रश आणि काडतुसं कोरडी. जी पास झाली तिचा लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेत बनली तो आकडा, पेटीवर असतो, जमल्यास त्याच लॉटच्या जास्त घ्या, कारण नाव तेच असलं तरी लॉट बदलला की वागणं बदलू शकतं.

भाच्याची उरलेली बेचाळीस काडतुसं आम्ही रेंज ऑफिसरला दाखवली आणि खराब काडतुसांच्या डब्यात टाकली. मेसेज त्याने ज्या सहा जणांना पाठवला होता त्या प्रत्येकाला त्याने तिथूनच फोन केला, एकाने तेल मारूनही ठेवलं होतं. डिसेंबरात तो आतेबहिणीच्या लग्नाला पुण्याला जाणार आहे, आणि रेंजची बॅग न्यायची म्हणत होता, छान मोठी आहे म्हणून. मी ती तिथेच उलटी केली. तळाच्या शिवणीत एक जिवंत काडतूस निघालं. मुंबईच्या विमानतळावर ते सापडलं असतं तर आर्म्स ॲक्टची केस, लग्न राहिलं बाजूला. बॅग आता माझ्या गॅरेजमध्ये आहे, त्याला प्रवासाला दुसरी दिलीय.