लाल फीत

"कोंबडीची जन्मतारीख काय?" लॅपटॉपवरून मान न काढता मी विचारलं.

आई गवार मोडत बसली होती. "कुणाची?"

"ठमीची. फॉर्मवर विचारलीय."

"एक जून टाक. माझी पन तीच हाय."

आईच्या वर्गातली निम्मी मुलं १ जूनला जन्मलेली आहेत. घरात तारीख कुणाच्या लक्षात नसली, की गुरुजी पोराला शाळा उघडायच्या बेताला जन्माला घालत. पण ठमीचं तसं करता येईना. ती मार्चमध्ये, एक दिवसाची असताना, पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आलेली. १ जून टाकली असती तर जुलैच्या प्रदर्शनात ती सहा आठवड्यांची ठरली असती, आणि तिचं आकारमान बघून परीक्षकानं तिला शहामृगाच्या गटात पाठवलं असतं.

मी अमेरिकेत, आयोवा राज्यात राहतो. विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आजोबांची शेती वडिलांनी कशीबशी केली, मी सोडली, आणि एवढ्या लांब आलो की मागे वळून बघायलाही विमान लागावं. तेरा हजार किलोमीटरवर येऊन उतरलो ते नेमका मक्याच्या शेतात. ह्या राज्यात ९९ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, आहेत. उन्हाळ्यात काउंटीची जत्रा भरते आणि तिथे शाळकरी पोरं आपण वाढवलेली जनावरं, पिकवलेली भाजी, शिवलेले कपडे, भाजलेले पाव मांडतात. ह्या पोरांच्या चळवळीचं नाव फोर-एच. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य ह्या चार गोष्टींची इंग्रजी अक्षरं आणि चार पानांचं हिरवं क्लोव्हर. १९०२ साली ओहायोच्या क्लार्क काउंटीत अशा पोरांचा पहिला क्लब निघाला असं मानतात. आयोवातही त्याच सुमाराला पेज काउंटीत जेसी फील्ड नावाच्या शिक्षिकेनं शाळेतल्या मुलांचे मक्याचे क्लब काढले होते. त्यामागची मेख मला फार आवडते. विद्यापीठांनी शोधलेलं नवं बियाणं, नव्या पद्धती मोठे शेतकरी काही केल्या ऐकेनात. मग पोरांना शिकवलं. पोरांचा मका बापापेक्षा सरस आला, की बाप आपोआप गुपचूप बसून शिकतो.

आमच्याकडे शिकवायला मका नव्हता, बाप मात्र होता.

इरा चौथीत गेली आणि क्लबात जायला लागली. पहिल्याच महिन्यात तिनं जत्रेत मांडायला तीन गोष्टी ठरवल्या: टोमॅटो, लोणचं आणि कोंबडी. मी म्हटलं, एकच घे. तर म्हणाली, "बाबा, तू मेंबर नाहीस." हे खरंच होतं. नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं की काम मुलाचं स्वतःचं हवं. नियमावली पन्नासेक पानांची. ती मुलांनी वाचायची असं कुठं लिहिलेलं नाही, त्यामुळे ती मी वाचली. विभाग, गट, उपगट, कोणत्या गटाला कोणतं कार्ड, कार्डाला भोक कुठं, दोरा कसला. मंत्रालयाच्या मजल्यावर उभा असल्यासारखं वाटायला लागलं. लालफीत म्हणतात ती हीच, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. तेव्हा लाल फितीचा पुढे असा संबंध येईल हे ठाऊक नव्हतं.

टोमॅटोचं थोडक्यात सांगतो, कारण ती जखम अजून ओली आहे. एका बशीत पाच टोमॅटो ठेवायचे. मोठे नकोत, गोड नकोत, एकसारखे हवेत. पाचांचा आकार एक, रंग एक, पिकणं एक. आमच्याकडे वीस गुंठ्यांत बारा रोपं आणि त्यांवर दीडशे टोमॅटो होते, पण दोन टोमॅटो भाऊ वाटतील अशी एक जोडी नव्हती. मी शाळेतला कंपास घेऊन रोज सकाळी वाफ्यात. आदल्या दिवशी चार सापडले. पाचवा मिळेना. रात्री साडेनऊला मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा होतो, मंडई उघडी असेल का असा निव्वळ शैक्षणिक विचार करत. इरा जिन्यावरून बघत होती. मी किल्ली ठेवली आणि कचरा बाहेर नेऊन ठेवला. कचऱ्याचा दिवस तो नव्हताच.

लोणच्याचं प्रकरण त्याहून लवकर संपलं. घरगुती टिकाऊ पदार्थ मांडायचे तर कृती शासनमान्य, तपासलेली हवी. बरणीवर चिठ्ठी हवी: कधी भरलं, कोणत्या पद्धतीनं, उकळत्या पाण्यात बरणी किती मिनिटं ठेवली, गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर. मी आईला विचारलं, "बरणी किती मिनिटं उकळली?"

"बरनी कशाला उकळाय लागतीय? आठ दिस उन्हात ठिवली."

"उन्हाची मिनिटं किती?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की इंजिनिअरिंगची फी आठवली. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी बरणीतलं तेल, मोहरी, हिंग, वरची लाल तर्री नीट निरखली आणि फार प्रेमानं सांगितलं की हे मांडता येणार नाही. मग आवाज उतरवून विचारलं, "पण तुम्ही हे परत घरी नेणार आहात का?" बरणी काही घरी आली नाही.

राहिली ठमी.

ठमी बार्ड प्लिमथ रॉक जातीची. अंगावर काळेपांढरे आडवे पट्टे, एकेका पिसावर आखणीनं ओढलेले. आईनं पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "घोंगडी पांघरलीया जनू." नावही तिनंच ठेवलं. गटाचं इंग्रजी नाव होतं 'पुलेट', म्हणजे वर्षाच्या आतली, अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी. मी दोन वाक्यांत समजावायला गेलो तर आई म्हणाली, "तलंग म्हन की." हा शब्द मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. आईचं माहेर माण तालुक्यातलं, तिकडे परसात कोंबड्या असत. लग्नानंतर सासरी आली, वारकऱ्यांचं घर, गळ्यात माळ. तेव्हापासून तिनं कोंबडीला हात लावला नव्हता. हाताला मात्र सगळं आठवत होतं. इरा पुस्तकातून घोकायची की अंडी उबायला २१ दिवस लागतात, आणि लाल कानाची कोंबडी बहुतेक करून तपकिरी अंडं देते. आई दारातून म्हणायची, "त्यात काय, कुनालाबी ठावं हाय." मला नव्हतं ठाऊक.

प्रदर्शनाआधी कोंबडीला अंघोळ घालतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इराला शिवणकामात घातलं असतं. तीन टब लागतात. पहिल्यात कोमट पाणी आणि साबण, दुसऱ्यात साबण निघावा म्हणून किंचित व्हिनेगर, तिसऱ्यात नुसतं पाणी. हे दोन-तीन दिवस आधी उरकायचं, म्हणजे पिसांना त्यांचं नैसर्गिक तेल परत येतं. आमचा मुहूर्त लागला आषाढी एकादशीला.

आई सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन ओसरीवर, म्हणजे डेकवर, हरिपाठ म्हणत बसलेली. समोर हिरवळीवर तीन टब. इरानं ठमीला दोन्ही हातांनी पंख दाबून उचललं आणि हळूच पाण्यात सोडलं. मी दुर्घटनेची तयारी म्हणून गॉगल आणि बागकामाचे हातमोजे घातले होते. ठमीनं एकदा मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मग पाण्यात बसली. पिसं फुगून तरंगायला लागली, डोळ्यांवर खालून पापण्या चढल्या, मान एका बाजूला कलली. मी ओरडलो, "मेली!"

"झोपली," आई म्हणाली. हरिपाठ थांबला होता. "गरम पान्यात कुनीबी झोपंल. ए पोरी, तसं न्हाय चोळायचं. पिसाच्या दिशेनं. सर."

आणि पंढरीनाथाच्या साक्षीनं, एकादशीच्या दिवशी, माळकरी बाईनं पदर खोचला. तिनं ठमीचा पंख पंख्यासारखा उलगडला, एकेक पीस दोन बोटांत धरून मुळापासून टोकाकडे निथळवलं, नखांतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढली. मधेच म्हणाली, "शिकेकाई हाय का?" बायकोचा हेअर ड्रायर बाहेर आला. त्या ड्रायरची किंमत मला त्या दिवशी कळली, कारण बायकोनं ती तीनदा सांगितली. ठमी गरम वाऱ्यात उभी राहून फुलत गेली, आणि अर्ध्या तासानं आमच्या अंगणात साधारण दिवाळीच्या आकाशकंदिलाएवढं काहीतरी उभं होतं.

इथंच थांबायला हवं होतं.

नियमाप्रमाणे प्रदर्शनाआधी तुऱ्याला आणि पायांना तेलाचं बोट लावतात, चमक येते. आदल्या रात्री इरानं ते लावलं आणि ती झोपली. पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर गॅरेजमध्ये दिवा. आई मोड्यावर बसलेली, मांडीवर ठमी, शेजारी निळी बाटली. तुरा झाला होता, पाय झाले होते, आणि आता पाठीवर खोबरेल तेलाची चंपी चालली होती.

"आई, पिसांना नाही लावायचं!"

"कोरडी पडल्याती. आज चार लोक बघनार."

आकाशकंदील उतरला होता. पाठीवरची पिसं गुच्छागुच्छानं चिकटलेली, मधे भांग पडल्यासारखी रेघ. ठमी पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या पोरासारखी दिसत होती. मी टॉवेलनं पुसलं, बायकोनं ड्रायर मारला, तेल आणखी आत मुरलं.

जत्रेत आल्या आल्या ठमीच्या पंखाखाली सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, पुलोरम नावाच्या रोगाच्या चाचणीसाठी. पाखरांच्या रोगांना इथं फार जपतात. २०१५ साली बर्ड फ्लूमुळे राज्यभरातली कोंबड्यांची सगळी प्रदर्शनं रद्द केली होती. ठमी पास झाली. मला लिंबू सरबताच्या गाड्यावर दोन तासांची पाळी होती, पालकांना ती असतेच. तिथून पळत आलो तेव्हा गट सुरू झाला होता.

पालकांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. इतकी क्रूर अट मी कुठल्या व्हिसाच्या अर्जावरही वाचलेली नाही. परीक्षक म्हातारे, उंच, खिशाला चार पेनं. त्यांनी ठमीला पिंजऱ्यातून डोक्याकडून बाहेर काढलं, छाती तळहातावर, पाय बोटांत. पंख उघडला. पायांची बोटं मोजली. मग पाठीवर फुंकर मारून पिसं उलटायला गेले, आत कसा रंग आहे ते बघायला. फुंकर मारली, पिसं हलली नाहीत. परत मारली. मग त्यांनी हात नाकाशी नेला. आमच्या काउंटीत खोबरेल तेलाचा वास तसा नवाच.

"तुला परत करायला मिळालं तर काय वेगळं करशील?" त्यांनी इराला विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येक मुलाला विचारतात.

इरानं दोरीकडे बघितलं. दोरीला धरून आई उभी होती, नऊवारी, पायात माझे जुने बूट, चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचा भाव.

"मी तेल जास्त लावलं," इरा म्हणाली. "पुढच्या वेळी कमी लावीन."

मला सरबताच्या गाड्यावर काहीतरी विसरल्यासारखं झालं आणि मी दुसरीकडे बघायला लागलो.

शेजारच्या मांडवात तेवढ्यात लिलावाची तयारी चालली होती. तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा आपल्या गोऱ्ह्याच्या मानेत हात घालून भुशावर बसला होता. तेराशे पौंडांचं जनावर, ह्यानं वर्षभर बादलीनं खायला घातलेलं. लिलावात ओळखीचे दुकानदार, बँकवाले बाजारभावाहून जास्त बोली लावतात, पोराच्या कॉलेजला पैसे होतात, आणि जनावर ट्रकमध्ये चढतं. आई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याला मराठी येत नव्हतं, हिला इंग्रजी. परत येताना म्हणाली, "तुझं आजं पुसेगावच्या यात्रंत खिलारी खोंड इकून आलं, तवा दोन दिस जेवलं न्हाय. पैकं चांगलं आलं हुतं." एवढंच.

फिती वाटल्या गेल्या. ही पद्धत समजून घ्यायला मला पूर्ण उन्हाळा लागला. इथं पोरांची एकमेकांशी तुलना नाही. प्रत्येकाला ठरलेल्या मापाशी मोजतात. मापाला उतरलं की निळी, थोडं कमी पडलं की लाल, त्याहून कमी तर पांढरी. निळ्या कितीही असू शकतात. ठमीच्या गटात अकरा तलंगा होत्या. दहा पिंजऱ्यांवर निळ्या फिती लागल्या. ठमीच्या पिंजऱ्यावर लाल.

मी इराच्या खांद्यावर हात ठेवला, बायको तिच्यासाठी आइस्क्रीम आणायला निघाली. कसं समजावावं ह्याची जुळवाजुळव मी मनात करत होतो, तेवढ्यात आई पिंजऱ्यांच्या रांगेसमोरून एक चक्कर मारून आली. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. बोटानं मोजत.

"निळी समद्यास्नी वाटली," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "लाल एकटी आपल्या ठमीला."

इरानं माझ्याकडे बघितलं. मी इराकडे.

"हो आजी," इरा म्हणाली.

आईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पिंजऱ्याच्या जाळीतून आत घातलं आणि ठमीच्या तुऱ्यावरून हळूच फिरवलं. मग माझ्याकडे वळून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बघितलंस? तेलानं काम केलं."