एचबीएवनसी ७ च्या खाली म्हणजे डोळे सेफ? नाही हो!

मेसेज फिरतोय की एचबीएवनसी (शुगरची एक रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या खाली असेल तर शुगरवाल्यांनी डोळे तपासायची गरज नाही. साफ चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका. तो रिपोर्ट मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगतो, त्याआधी वर्षानुवर्षं शुगर वाढलेली असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) बारीक रक्तवाहिन्यांचं झालेलं नुकसान त्यात दिसतच नाही, शिवाय बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिनही (एक प्रथिन) बघावं लागतं. सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीएवनसीचा आकडा खोटा कमी येऊ शकतो, हा आजार जास्त आढळतो त्या गडचिरोली-नंदुरबारकडच्यांनी हे डॉक्टरांना सांगाच. आणि नजर ६/६ असतानाही पडद्यावर रक्ताचे ठिपके असू शकतात. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्या झाल्या आणि नंतर साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात टाकून पडदा तपासून घ्यावा, नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही.