पगाराची तारीख टाका म्हणे!

पोरगा पुण्याला आयटीत आहे. दिवाळीत आला अन् माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून गेला. "बाबा, अठ्ठेचाळीसचे झालात, म्हातारपणाचा काही हिशेब कराल की नाही?" बोलला ते चुकीचं नाही. म्हणून चार रात्री त्या डबड्यापुढं बसलो. आता डोकं फिरलं, म्हणून लिहून राहिलो.

पहिला रकाना: मासिक पगार. दुसरा: पगाराची तारीख. रिकामं सोडलं तर पुढचं पानच उघडत नाही. आता काय टाकू? यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू, कपाशी अन् मधात तुरीच्या ओळी. पैसा दिसतो तो वेचणी होऊन, कापूस विकून त्याचा चुकारा हाती पडल्यावर, तोही कृषी केंद्राची उधारी अन् वेचाईची मजुरी फेडून उरला तर. जून ते ऑक्टोबर नुसतं जाणंच जाणं. शेवटी वर्षाच्या कमाईला बारानं भागून आकडा टाकला. तर ॲप खूश! "आपण दरमहा बचत करू शकता." जुलैत कोणाच्या खिशातून रे बाबा?

घरखर्च महिन्याचा 15 हजार टाकला. जरा वेळ गोल गोल फिरलं अन् म्हणे, 60 ला निवृत्त होऊन 85 पर्यंत जगायचं असेल तर सुमारे 70 लाख लागतील, त्यासाठी आजपासून दरमहा 21,700 ची एसआयपी करा, म्हणजे दर महिन्याला तेवढे म्युच्युअल फंडात टाका. म्हणजे ज्या पैशात अख्खं घर चालतं, त्याहून जास्त बाजूला ठेवा! गुणाकार मी वहीवर करून पाहिला, तो बरोबर आहे. 6 टक्के महागाई धरली तर आजच्या 15 हजारांचे 12 वर्षांत 30 हजार होतातच. संताप येतो तो दरसाल न चुकता मिळणार म्हणून धरलेल्या 12 टक्के परताव्याचा. तो आलेख धुऱ्यावरच्या सागासारखा सरळसोट वर! आमचा आलेख काढा ना. 2017 ला बोंडअळीनं बोंडं पोखरली. 2022 ला कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. 2024 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 7,521, अन् व्यापारी त्याहून खालीच मागत होता. हे भरायला रकाना नाही.

मग मालमत्ता. शेती "इतर" मध्ये टाकावी लागली. तर लाल अक्षरात सल्ला: कमी परताव्याची मालमत्ता विकून फंडात गुंतवा. सातबारावर तिघा भावांची नावं सामायिक, अन् हा विक म्हणतो. शेत विकलं की झालोच निवृत्त, मग ॲप कशाला पाहिजे? पीककर्ज टाकलं तर "कर्जाचा भार धोकादायक". अरे, 31 मार्चच्या आत भरलं तर 3 लाखांपर्यंत त्याचं व्याजही लागत नाही! अन् त्या इशाऱ्याच्या खालीच बटण: झटपट कर्ज मिळवा. नालायकपणाची हद्द आहे.

सगळ्यात जास्त चीड पेन्शनच्या पानावर आली. "तुमच्यासाठी योग्य योजना" म्हणून किसान मानधन अन् अटल पेन्शन या सरकारी योजना दाखवल्या. नाव, आधार, खातं सगळं भरून घेतलं. रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून तीनदा ओटीपी मागवला, अन् शेवटच्या पानावर म्हणते, वय 18 ते 40. माझं वय पहिल्याच रात्री विचारलं होतं ना? मानधन योजना 2019 ला आली तेव्हाच मी बेचाळीसचा होतो.

बरं, आमच्या शेजारचा चाळीस वर्षांचा गडी बसतो त्यात. महिना 200 भरायचे, 20 वर्षांनी महिना 3,000. हे 3,000 ॲप मोठ्या हिरव्या अक्षरात दाखवते. पण माझा घरखर्च दुप्पट करताना लावलेली महागाई इथं कुठं गेली? त्याच 6 टक्क्यांनी ते 3,000 म्हणजे आजचे साडेनऊशेही नाहीत. अठराव्या वर्षी शिरणाऱ्या पोराला तर आजच्या हिशेबानं अडीचशेच्या आसपास पडतात. खर्च दाखवताना महागाई, पेन्शन दाखवताना स्वस्ताई. हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

माझे बाबा शहात्तरचे. अजून सकाळी सहाला शेतात. परवा रात्री त्यांनी विचारलं, "काय टिपून राहिला बे?"

"निवृत्तीचा हिशेब."

"कोनाच्या?"

मी काही बोललो नाही, ॲप काढून टाकलं. पण नंबर गेला तो गेलाच. काल बैलबंडीत कापूस भरत होतो, तर विमावाल्या पोराचा फोन. म्हटलं, बावा, वेचणी चालू आहे, चुकारा झाल्यावर बोल.

"ओके सर. म्हणजे पगार कोणत्या तारखेला होतो?"