शार्पची खरी सुरुवात राहूनच गेली

शार्प या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या घसरणीवरच्या लेखात तिची गोष्ट थेट टीव्हीपासून सुरू केलीय, त्यामुळे मूळ माणूस बाजूलाच राहिला. तोकुजी हायाकावा यांनी १९१२ मध्ये टोकियोत धातुकामाचा छोटा कारखाना काढला. आधी पट्ट्याचं बक्कल, मग १९१५ ची यांत्रिक पेन्सिल. १९२३ च्या भूकंपात कारखाना गेला, बायको-मुलंही गेली. पेन्सिलीचे हक्क कर्जापोटी देऊन हा माणूस ओसाकाला गेला आणि १९२५ मध्ये त्याने क्रिस्टल रेडिओ बनवलासुद्धा! १९७३ चा एलसीडी (द्रव-स्फटिक) पडद्याचा कॅल्क्युलेटरही यांच्याच कंपनीचा. पुढे त्याच एलसीडीच्या अवाढव्य कारखान्यांत पैसा अडकला आणि २०१६ मध्ये कंपनी तैवानच्या फॉक्सकॉनकडे गेली. लेखक या घसरणीचं सगळं खापर कोरियन स्पर्धेवर फोडतात, ते मला तरी पटत नाही. साकाई शहरातला तो अवाढव्य एलसीडी कारखाना काय कोरियनांनी बांधायला लावला होता?