‘शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला’: वादकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गणपती जवळ आले की पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. ढोल-ताशा ही पारंपरिक वाद्यं, त्यांचा आवाज नैसर्गिक, म्हणून कान बिघडतो तो डीजेने. सुप्रीम कोर्टानेही पथकांच्या बाजूने निकाल दिलाय. सरावाने कान तयार होतो. मिरवणुकीनंतर दडे बसले, कानात शिट्टी वाजली तरी ती दोन दिवसांत जाते, म्हणजे पेशी भरून आल्या. शंका असेल त्याने ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करावी, रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला. कानात तिळाचं तेल सोडा, नस मजबूत होते. अगदीच काही झालं तर कानात बसवायचं इम्प्लांट आहेच. आणि आवाज अडवायला कानात प्लग घालू नका, लय चुकते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासणारा. विसर्जनाला बेलबाग चौकात ताटकळत उभं राहणाऱ्या गर्दीतलाच एक आहे, तेव्हा मला वादनाचं वावडं नाही. हे लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नसावा. दरवर्षी पथकांवर तोंडसुख घेणाऱ्यांना त्याला उत्तर द्यायचं असणार. पण त्या भरात त्याने कानाचं शरीरशास्त्रच मोडीत काढलंय.

‘नैसर्गिक आवाज’ हा मुद्दा पटकन संपवतो. आतल्या कानाला वाद्याची जात कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो दाब. किती जोराचा आणि किती वेळ, एवढाच प्रश्न. पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत वर्षानुवर्षं आवाज मोजत आले आहेत आणि १०० डेसिबलच्या पुढचे आकडे त्यांनी एकाहून अधिक वर्षी नोंदवले आहेत. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब असा: ८५ डेसिबलला रोज जास्तीत जास्त ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. हा हिशेब वर्षानुवर्षं रोज आवाजात काम करणाऱ्यांसाठी आहे, वर्षातून एका मिरवणुकीसाठी नाही, हे मान्य. पण वादक वर्षातून एकदाच वाजवतो असं कोण म्हणेल? सराव दोन-दोन महिने चालतो, तोही बऱ्याचदा पत्र्याच्या शेडखाली.

कोर्टाचं म्हणाल तर, २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या एका पथकात ३० पेक्षा जास्त जण नकोत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. स्थगिती माणसांच्या संख्येवरच्या अटीला होती. कानाच्या बाबतीत न्यायालयाने कोणालाही अभय दिलेलं नाही.

‘सरावाने कान तयार होतो’ यात मात्र थोडं तथ्य वाटण्याजोगं काहीतरी आहे. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराच्या हाडाला एक इवलासा स्नायू चिकटलेला असतो. मोठा आवाज आला की तो आक्रसतो आणि आत जाणारा दाब थोडा कमी करतो. गोम अशी की त्याला आक्रसायला क्षणाचा काही भाग लागतो, तेवढ्यात ताशाच्या काडीचा पहिला तडाखा आत पोहोचलेला असतो. शिवाय तो मुख्यतः खर्जातल्या आवाजावर चालतो आणि सलग आवाजात थकतो. तालमीत दंड कमावतात तसा तो कमावता येत नाही. ‘पहिल्या आठवड्यात त्रास व्हायचा, आता काही वाटत नाही’ असं वादक सांगतात, तेव्हा दर वेळी ती सवयच असते असं नाही. कधी ऐकण्याची पातळीच खाली उतरलेली असते.

आता शिट्टीकडे येऊ, कारण मजकुराचा सगळा भार तिच्यावर आहे.

आतल्या कानात कोक्लिआ नावाची अडीच वेढ्यांची नळी असते. त्यात आवाजाची कंपनं टिपणाऱ्या केशपेशींच्या रांगा. आतल्या रांगेत साधारण ३,५००, बाहेरच्या तीन रांगांत मिळून १२,००० च्या आसपास. बाहेरच्या पेशी कंपनं वाढवून देतात; मेंदूकडे जाणारी खबर जवळजवळ सगळी आतल्या रांगेतून निघते. ती उचलतात मज्जापेशी, ज्यांना आपण सरसकट ‘कानाची नस’ म्हणून मोकळे होतो. एका कानात त्या ३०,००० ते ३५,००० असतात. त्यांची शरीरं कोक्लिआच्या मधल्या हाडाच्या खांबात बसलेली. प्रत्येकीचा एक धागा केशपेशीकडे जातो, दुसरा मेंदूकडे. यातल्या सुमारे ९५ टक्के पेशी अशा की एकीचा धागा एकाच आतल्या केशपेशीला जाऊन भिडतो. एका केशपेशीला असे दहा-एक धागे लागलेले असतात.

केशपेशी हलली की ती ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते आणि धाग्याचं टोक त्यावर पेटतं. आवाज फार मोठा आणि फार वेळ असला की ग्लुटामेटचा पूर येतो. धाग्यांची टोकं सुजतात आणि केशपेशीपासून सुटतात. केशपेशी मात्र शाबूत राहू शकते. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी ती पुन्हा नीट कामाला लागते, दडे सुटतात, शिट्टी थांबते. सुटलेली टोकं सगळीच परत जोडली जात नाहीत.

शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी हे २००९ मध्ये उंदरांत दाखवलं. १०० डेसिबलचा आवाज, फक्त दोन तास. काही दिवसांत उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशी जागच्या जागी होत्या. पण तीव्र स्वर टिपणाऱ्या भागात आतल्या केशपेशींवरच्या निम्म्या जोडण्या गेलेल्या होत्या. त्या तुटलेल्या धाग्यांच्या मज्जापेशी लगेच मेल्या नाहीत. त्या पुढे कित्येक महिने सावकाश कमी होत गेल्या. म्हणजे शिट्टी थांबणं ही केशपेशींकडून आलेली खबर आहे. नसेचं त्यातून काहीच कळत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. माणसाचा कान आवाजाला उंदरापेक्षा चिवट दिसतो, आणि जिवंत माणसाच्या कोक्लिआतल्या जोडण्या मोजण्याची सोय नाही. तरुण वादक-गायकांवर झालेल्या तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मृत्यूनंतर तपासलेल्या माणसांच्या कानांतून मात्र एक गोष्ट पुढे आली आहे: वय वाढतं तसे हे धागे केशपेशींच्या आधी आणि जास्त प्रमाणात गळतात. तेव्हा ‘मिरवणुकीत निम्मी नस गेली’ असं मी कोणाला सांगणार नाही. पण ‘पेशी भरून आल्या’ या वाक्याला काडीचा आधार नाही, हे नक्की सांगेन.

भरून येण्याचं खूळ कुठून आलं असावं याचा अंदाज आहे. पक्ष्यांच्या आतल्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, हे १९८० च्या दशकातच कळलंय. सस्तन प्राण्यांच्या कोक्लिआत तसं होत नाही. २०२४ मध्ये जनुकोपचाराने बहिरी मुलं ऐकू लागल्याच्या बातम्या आल्या, त्याही खऱ्या. पण त्या मुलांच्या कानात ओटोफर्लिन हे प्रथिन जन्मापासून सदोष होतं. केशपेशी जिवंत होत्या, त्यांना ग्लुटामेट सोडता येत नव्हतं. आवाजाने तुटलेल्या धाग्यांचा तो इलाज नाही.

रिपोर्टचा मुद्दा सगळ्यात फसवा. ऑडिओमेट्रीच्या खोलीत मी काचेपलीकडे बसतो. आत हेडफोन लावलेला विशीतला ताशावादक, हातात बटण. २५० हर्ट्झपासून ८,००० पर्यंत एकेक बीप सोडत जातो, प्रत्येक बीपला बटण दाबलं जातं, आलेख वरच्या पट्टीत सरळ. मग तोच आवाज ठेवून मागे माणसांचा गलबला सोडतो आणि एकेक शब्द परत म्हणायला सांगतो. ‘ताट’ म्हटलं की ‘पाट’ येतं. ‘काठ’ला नुसतीच मान हलते. पुढच्या शब्दाला तो हेडफोन कानावर दाबून धरतो, जणू त्याने फरक पडेल. बाहेर आल्यावर आईची तक्रार अशी की, हॉटेलात मित्रांसोबत बसला की हा नुसता हसतो, बोलत नाही.

असं होण्याचं एक संभाव्य कारण धाग्यांच्या स्वभावात आहे. काही धागे अगदी बारीक आवाजाला जागे होतात, आणि थोड्याच मोठ्या आवाजाला त्यांची क्षमता संपते. काही मुळात आळशी, मोठ्या आवाजालाच उठतात, आणि गोंगाटातून बोलणं वेचून काढायला हेच उपयोगी पडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आवाजाने आधी तुटतात ते बहुतेक हे आळशी धागे. ऑडिओमेट्री शांत खोलीत बारीक बीप ऐकवते, म्हणजे चौकशी फक्त पहिल्या गटाची. दाराची बेल वाजली म्हणून अख्ख्या घराच्या वायरिंगला ठीक असल्याचा दाखला देण्यातला हा प्रकार. चाचणी वाईट नाही. तिला जे विचारलंच नाही त्याचं उत्तर तिच्या तोंडी घालू नये. तक्रार गर्दीत न कळण्याची असेल तर गोंगाटातली शब्दचाचणी मागून घ्या.

तेलाबद्दल चार वाक्यं पुरेत. तेल पडद्यापाशी थांबतं. मज्जापेशी पडद्यापलीकडे, मधल्या कानाच्याही पलीकडे, शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एकाच्या आत आहेत. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाईल खरं, पण सोबत जंतुसंसर्गही नेईल. नस मजबूत होणार नाही.

इम्प्लांटचं वाक्य वाचून मात्र मला खरंच राग येतो. कॉक्लिअर इम्प्लांट मेलेल्या केशपेशींना वळसा घालून थेट याच मज्जापेशींना विजेचे ठोके देतं. यंत्रात इलेक्ट्रोड बारा ते बावीसच्या घरात, आणि तेवढ्यावर ते कामचलाऊ बोलणं ऐकवू शकतं, कारण बहिरेपणानंतरही मज्जापेशी बरीच वर्षं तग धरतात. म्हणजे नसेची हेळसांड करून वर इम्प्लांटचा भरवसा द्यायचा, आणि इम्प्लांट चालणार त्याच नसेवर! जन्मतः बहिऱ्या मुलासाठी धावपळ करणाऱ्या आईबापांना हे यंत्र म्हणजे काय ते माहीत असतं. ‘इम्प्लांट आहेच’ असं सहज म्हणून टाकायची ती गोष्ट नव्हे.

राहता राहिला प्लग. कापसाचा बोळा आवाज जेमतेम कमी करतो, तो मोजायचाच नाही. फोमचे स्वस्त प्लग नीट बसवले तर चांगले, पण ते वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे ताशा बोथट ऐकू येतो. लय चुकल्याची वादकांची तक्रार इथून येते आणि ती खोटी नाही. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच खाली आणतात. ताशाची काडी आणि झांज वेगवेगळी कळतात, ढोलाचा ठोका तर छातीतही जाणवतोच. सुरुवात ताशावाल्यांपासून आणि पत्र्याखालच्या सरावापासून करावी. ढोलाच्या पानांचा, म्हणजे ज्यावर ठोका पडतो त्या पडद्यांचा, खर्च पथक दरवर्षी धरतंच. त्याच्याच खालच्या ओळीत प्लग लिहायचे.