काटेकोर, चोख आणि मनाची टोचणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

'मेटिक्युलस', 'स्क्रूप्युलस' आणि 'कॉन्शिएन्शस' या तीन इंग्रजी शब्दांवरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : इंग्रजी कोश हे शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून देतात, त्यामुळे मी दाखवलेला फरक हा शब्दच्छल आहे, 'स्क्रूप्युलसली क्लीन' म्हणजे अगदी लख्ख स्वयंपाकघराचा नीतीशी काही संबंध नसतो, 'मेटिक्युलस'चे मूळ भीतीत असल्यामुळे त्या शब्दात भित्रेपणाची छटा आहे, हे माझे विधान चुकीचे आहे, आणि मराठीत या सगळ्यांसाठी 'काटेकोर' हा एक शब्द पुरेसा आहे. यांतला तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

लॅटिनमध्ये 'मेटुस' म्हणजे भीती, आणि त्यावरून आलेला 'मेटिक्युलस' हा शब्द पूर्वी इंग्रजीत भित्रा या अर्थाने वापरला जात असे, हे खरे आहे. पण तो अर्थ लोप पावला. एकोणिसाव्या शतकात शब्द परत आला तो बारीकसारीक गोष्टींची अवाजवी काळजी करणारा या अर्थाने, आणि इंग्रजी भाषेचे जाणकार फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्याच्यावर कडक टीका करूनही तो रुळलाच. पुढे त्यातले 'अवाजवी'सुद्धा झिजून गेले. आज एखाद्या शल्यविशारदाला 'मेटिक्युलस' म्हटले तर ती निखळ स्तुती असते. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ काढण्याची चूक माझ्याकडून झाली आणि ते वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे.

फरक हा शब्दच्छल आहे, हे मात्र मला मान्य नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतल्या चौकशीचा इंग्रजी अहवाल मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले होते. ज्या लेखनिकाची चौकशी झाली होती त्याच्या हिशेबवह्यांच्या छायाप्रती सोबत जोडलेल्या होत्या. इतकी देखणी कीर्द मी क्वचितच पाहिली आहे. आकडे एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही, बेरीज पै-पैशाला जुळलेली, प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईची दुहेरी रेघ आणि प्रत्येक पावतीवर अनुक्रमांक. त्यातल्या प्रवासभत्त्याच्या कित्येक पावत्या मात्र कधीच न झालेल्या प्रवासांच्या होत्या. चौकशी अधिकाऱ्याने लिहिले होते, की हा मनुष्य 'मेटिक्युलस' होता, पण 'स्क्रूप्युलस' नव्हता. आपल्या सूचनेप्रमाणे दोन्ही ठिकाणी 'काटेकोर' घातले असते, तर 'तो काटेकोर होता, पण काटेकोर नव्हता' असे वाक्य झाले असते. मी तेव्हा 'कामात काटेकोर होता, पण त्याला विधिनिषेध नव्हता' असे लिहिले. त्याहून बरे काही त्या वेळी सुचले नाही.

'स्क्रूप्युलस' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'स्क्रूपुलुस'चा अर्थ लहानसा टोकदार खडा असा आहे. चपलेत शिरलेला खडा दिसत नाही, पण पाऊल टेकले की जाणवतो. रोमन वक्ता सिसेरो याच्या काळापासूनच हा शब्द मनाच्या तशाच अस्वस्थतेसाठी वापरला जात होता. आपण त्याला टोचणी म्हणतो. (याच नावाचे औषधे मोजण्याचे एक वजनही होते : वीस ग्रेन, म्हणजे औंसाचा चोविसावा भाग.) मघाशी व्युत्पत्तीबद्दल चूक कबूल करून मी पुन्हा व्युत्पत्तीच सांगतो आहे, असे आपल्याला वाटेल. पण या शब्दाच्या बाबतीत आजचा वापरही तीच साक्ष देतो. 'अनस्क्रूप्युलस' हे त्याचे नकारार्थी रूप घ्या. पसारा घालून ठेवणाऱ्याला कोणीही 'अनस्क्रूप्युलस' म्हणत नाही. स्वार्थासाठी कोणत्याही थराला जाणाऱ्याला म्हणतात. शब्दाचा नीतीशी संबंध नसता, तर त्याचा नकार अव्यवस्थितपणाकडे गेला असता.

स्वयंपाकघराचा आपला दाखला चांगला आहे आणि त्याने मला विचार करायला लावले. माझ्या मते 'स्क्रूप्युलसली क्लीन' म्हणताना त्या स्वच्छतेला जाणूनबुजून विवेकाची भाषा लावलेली असते : ओट्यावर एक डाग राहिला तरी त्या घरच्या बाईला तो अपराधासारखा टोचेल, असे त्यातून सुचवायचे असते. सोवळ्यातला स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे स्वच्छता असतेच, पण ती विधिनिषेधाच्या पोटातून आलेली असते, आणि हात चुकून कुठे लागला तर भांडे घासून भागत नाही, मन खट्टू होते. ही टोचणी अती झाली की तिचा आजार होतो, हेही खरे आहे. कॅथलिक परंपरेत त्याचा फार बारकाईने विचार झालेला आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसा इथे आपल्या पापांविषयीच्या शंकांनी अगदी पोखरून काढले होते, आणि पुढे त्यांनी गवताच्या दोन काड्यांचा क्रूस नकळत पायाखाली आलेल्या माणसाचे उदाहरण देऊन पापाची शंका कशी मनात घर करते ते समजावले.

'कॉन्शिएन्शस' याहून वेगळा आहे. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचे अक्षर गिचमिड, कपाटात वह्यांचा ढीग कलंडलेला, चष्मा रोज हरवलेला. 'मेटिक्युलस' तिला कोणी म्हटले नसते. पण एकदा निजानीज झाल्यावर ती उठली, दिवा लावला आणि साठ उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून एकाच मुलाची उत्तरपत्रिका शोधून काढली, कारण त्याच्या गुणांची बेरीज करताना मागचे पान उलटले होते की नाही, याची तिला खात्री वाटत नव्हती. पान उलटलेले होते, बेरीज बरोबर होती, मग ती झोपली. आपल्यावर सोपवलेले काम आपण मनापासून आणि नीट केले की नाही, हा प्रश्न माणूस कोणी विचारलेला नसताना स्वतःला विचारतो, तेव्हा त्याला 'कॉन्शिएन्शस' म्हणतात. ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची सैन्यभरती आली, तेव्हा लढणे आपल्या सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून कायद्याने ज्यांना सूट मागण्याची मुभा दिली त्या 'कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर' मंडळींच्या नावात हाच शब्द आहे. तिथे 'काटेकोर' बसवून पाहावे, म्हणजे माझी अडचण लक्षात येईल.

या शब्दाला मराठीत सापडलेला सर्वांत सुंदर प्रतिशब्द आपण प्रत्येक शपथविधीला ऐकतो. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याने आपली कर्तव्ये 'फेथफुली अँड कॉन्शिएन्शसली' पार पाडण्याची शपथ आहे, आणि मराठी शपथेत त्या ठिकाणी 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने' असे शब्द आहेत. ज्याने कोणी हे केले त्याने 'काटेकोरपणे' किंवा 'दक्षतेने' असे सोपे शब्द टाळले, याबद्दल मला त्या अनामिक अनुवादकाविषयी फार आदर वाटतो. त्याच शपथेत १९६३ साली आलेल्या वाक्यात 'इंटेग्रिटी'साठी 'एकात्मता' आहे, तर माणसाच्या 'इंटेग्रिटी'ला आपण 'सचोटी' म्हणतो. म्हणजे इंग्रजीने एका शब्दात ठेवलेले मराठीने दोन ठिकाणी वाटले आहे.

राहिला 'साक्षेपी', जो आपण जाता जाता सुचवला आहे. 'साक्षेपी संपादक' या प्रयोगात तो 'मेटिक्युलस'च्या फार जवळ जातो, आणि तिथे मी तो आनंदाने वापरीन. मात्र रामदासांनी साक्षेप हा शब्द आळसाच्या विरुद्ध उभा केला आहे. त्यात उद्योग आहे, पापपुण्याची शंका नाही.

आपल्या आक्षेपाचा विचार करताना मला दुसराच एक शब्द आठवला, तो म्हणजे 'चोख'. चोख सोने, चोख बंदोबस्त, चोख हिशेब : शुद्धता आणि नेमकेपणा या दोन्ही गोष्टी त्या एकाच शब्दात नांदतात, आणि इंग्रजीतल्या ज्या सरमिसळीकडे आपण बोट दाखवले ती मराठीतही आहे, हे मला त्यामुळेच उमगले. तरीही त्या लेखनिकाच्या वह्या 'काटेकोर' होत्या असे मी बेधडक म्हणू शकतो, पण त्याचा हिशेब 'चोख' होता असे म्हणायला जीभ रेटत नाही. ते भाषांतर आज पुन्हा हाती आले, तर मी 'वह्या काटेकोर होत्या, व्यवहार चोख नव्हता' असे लिहीन.